क्वांटम आणि क्लासिकल: नातं समजून घेताना या चुका टाळा

ठाण्यात बीएस्सीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना मला दिसतं, की क्वांटम यामिकीची गणितं बरोबर सुटतात. पण ‘मग न्यूटनच्या क्लासिकल यामिकीचं काय झालं?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. हा प्रश्न परीक्षेत येत नाही म्हणून सोडून देऊ नका. खरी गंमत तिथेच आहे.

‘न्यूटन खोटा ठरला’ असं लिहू नका. ठाणे स्टेशनच्या फलाटावर सेकंदाला १ मीटर वेगाने चालणाऱ्या ६० किलोच्या माणसाची द ब्रॉग्ली तरंगलांबी (क्वांटम सिद्धांत प्रत्येक वस्तूशी जोडतो त्या लहरीची लांबी) काढा. ती साधारण १०च्या उणे ३५व्या घाताइतके मीटर येते. प्रोटॉनसुद्धा याच्यापुढे प्रचंड आहे, म्हणून ही लहर जाणवत नाही. लोकलचे ब्रेक न्यूटनच्याच हिशोबाने लागणार.

‘प्लँकचा स्थिरांक शून्य धरला की क्लासिकल मिळतं’ हे वाक्य पुस्तकी सवयीने येतं. क्वांटम परिणामांचं माप ठरवणारा हा स्थिरांक बदलत नसतो. त्याच्या तुलनेत त्या गतीची ॲक्शन (ढोबळपणे संवेग गुणिले अंतर) किती मोठी आहे, हे पाहायचं. भौतिकशास्त्रज्ञ एरेनफेस्टचं सरासरी गतीबद्दलचं १९२७चं प्रमेयही इथे घाईने वापरलं जातं. कणाचं सरासरी स्थान न्यूटनसारखं चालतं, पण तरंगपुंज (कणाची पसरलेली लहर) अरुंद असेल आणि त्याच्या रुंदीत बल फारसं वाकडंतिकडं बदलत नसेल तेव्हाच. शिवाय कण दोन दूरच्या जागांच्या सुपरपोझिशनमध्ये (दोन्ही शक्यता एकत्र असलेल्या अवस्थेत) असेल, तर सरासरी मधोमध पडते आणि तिथे तो सापडेलच असं नाही. क्लासिकल जग एवढ्याने हाती लागत नाही.

सगळ्यात चिवट चूक मात्र आकाराची: लहान ते क्वांटम, मोठं ते क्लासिकल. व्हिएन्नात १९९९ साली ६० कार्बन अणूंच्या रेणूंनी व्यतिकरण (लहरी एकमेकींत मिसळून उमटणारी नक्षी) दाखवलं. २०१९मध्ये सुमारे २,००० अणूंच्या रेणूंनी. क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना २०२५चं नोबेल मिळालं ते हातात धरता येईल एवढ्या सर्किटमधल्या टनेलिंगसाठी, म्हणजे ऊर्जा पुरेशी नसतानाही अडथळा पार होण्यासाठी. म्हणजे रेषा सेंटिमीटरमध्ये आखता येत नाही. वस्तू आजूबाजूपासून किती अलिप्त आहे, हे विचारा. हवेचे रेणू आणि प्रकाशकण आदळत राहिले, की सुपरपोझिशनचे घटक भोवतालाशी गुंततात आणि व्यतिकरण दिसेनासं होतं. यालाच डीकोहेरन्स म्हणतात. त्याला कुणी पाहणारा लागत नाही, म्हणून ‘माणसाच्या मनामुळे वास्तव घडतं’ हा निष्कर्षही इथून काढू नका.

आणि इथेच पुढची घाई होते: ‘डीकोहेरन्सने मापनाचा प्रश्न सुटला.’ नाही सुटला. व्यतिकरण का दिसत नाही हे कळलं; अनेक शक्यतांपैकी एकच नोंद का दिसते, हे त्यातून निघत नाही. क्वांटम सिद्धांताचे एक प्रवर्तक नील्स बोर म्हणत, प्रयोगाची मांडणी आणि नोंद क्लासिकल भाषेतच सांगावी लागते. त्यांचं ऐकलं तर क्लासिकल यामिकी ही क्वांटममधून ठरावीक परिस्थितीत निघणारी नुसती सीमा राहत नाही, तिच्या पायाशी येऊन बसते. जी गोष्ट सिद्धांतातून काढायची, तीच तो मांडायला आधी लागते! मला हा पेच या विषयातला सगळ्यात मोलाचा वाटतो. भौतिकशास्त्रज्ञ बोम यांनी १९५२मध्ये कणांना निश्चित जागा देऊन तो टाळला, तर एव्हरेट यांनी १९५७मध्ये सगळ्या शक्यता कायम ठेवून. क्वांटमचा अर्थ लावणारं कोणतंही इंटरप्रिटेशन वाचायला घ्याल तेव्हा आधी शोधा: एकच नोंद दिसते याचं कारण ते नेमकं कुठे ठेवतं?