शाळेच्या निकालावर बोलायला बसण्यापूर्वी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर तुमची निवड झाली असेल आणि पुढच्या बैठकीत मुलांच्या गुणवत्तेचा विषय असेल, तर आठवडाभर आधीच तयारीला लागा. तयारी नसली की आकडे वाचून दाखवले जातात, सगळे माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा महिलांना दिल्या आणि शाळा विकास आराखडा करण्याचं काम समितीवरच सोपवलं. तेव्हा प्रश्न विचारताना संकोच नको.

आधी पट हातात घ्या. मुख्याध्यापकांकडून शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मागून घ्या आणि मागच्या तीन-चार वर्षांची वर्गवार मुला-मुलींची संख्या एकाच कागदावर मांडा. पट घसरत असेल तर कारण गावातच शोधा: इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी वस्तीपर्यंत यायला लागली का, कुटुंबं तालुक्याच्या गावी गेली का, की गावात मुलंच कमी जन्मली? सोबत चालू वर्षाची संच मान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर आहेत तेही पाहा. कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, पण मंजूर पदांचे निकष शासन निर्णयांनी बदलत राहतात. प्रत्यक्षात वर्गावर किती जण उभे राहतात, ते मोजा. दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळत असतील तर तिसरीला शिकवणं सुरू असताना चौथी आपापलं लिहीत बसणार. निकाल वाचताना ही गोष्ट नजरेआड करू नका.

मग ही मुलं कोण आहेत ते समजून घ्या. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. घरात कोणती भाषा बोलतात हे वर्गशिक्षकांना विचारा. घरी गोरमाटी, पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला पहिलीत मराठी नव्यानं शिकायची असते. त्याच्या मागे पडण्याला मंदपणा म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आई-वडील कशावर पोट भरतात, घरात शाळेत जाणारं हे पहिलंच मूल आहे का, दिव्यांग मुलांना मदत मिळते का, हेही टिपून ठेवा. मात्र तुमच्या कागदावर संख्या असू द्या, नावं नकोत. कुणाच्या मुलाची जात किंवा श्रेणी बैठकीत मोठ्यानं वाचली जाणार नाही, हे आधीच ठरवून घ्या.

ऊसतोडीचा पट्टा असेल तर हजेरीपत्रक महिन्या-महिन्यानं उलटून पाहा. दिवाळीच्या सुमारास काही नावांपुढे सलग गैरहजेरी सुरू होते ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. नाव पटावर आणि मूल कारखान्याच्या तळावर. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय करता येते. जी मुलं आई-वडिलांसोबत जाणारच आहेत, त्यांना शिक्षण हमी कार्ड देता येतं, म्हणजे तिथल्या शाळेत बसता येतं. हा विषय कुटुंबं निघण्याआधीच्या बैठकीत यायला हवा. टोळी गेल्यावर तो काढून उपयोग नसतो.

आता निकाल. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि दोन्ही सत्रांतल्या संकलित चाचण्यांचे गुण शेजारी-शेजारी ठेवा, प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवर विसंबू नका. टक्केवारीऐवजी मुलांची संख्या विचारा: वर्गात बाराच मुलं असतील तर एका मुलानं आकडा आठ टक्क्यांनी हलतो. मुली आणि मुलं, नियमित येणारी आणि खाडे होणारी, असं वेगवेगळं पाहिलं की सरासरीत लपलेलं बाहेर येतं. पाचवीची वार्षिक परीक्षा 2023 च्या नियमबदलानंतर उत्तीर्ण व्हावी लागते, म्हणून तिसरी-चौथीतली कच्ची मुलं आत्ताच ओळखा.

वर्गशिक्षकांना विचारून, त्यांच्यासोबत बसून, थोड्या मुलांचं वाचन ऐका. पाठ्यपुस्तकातला धडा खडाखडा वाचणाऱ्या मुलाच्या बोटाकडे लक्ष द्या. बोट पहिल्या ओळीवर आणि तोंडात तिसरी ओळ असेल तर धडा पाठ झालाय, वाचन आलेलं नाही. त्याला न पाहिलेल्या गोष्टीचं पान द्या आणि शांतपणे थांबा. गणितात 52 मधून 27 वजा करायला सांगा. उत्तर 35 आलं तर मुलानं दोन्हीकडे मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, हातचा त्याला कळलेला नाही. ही चूक दुरुस्त होते, फक्त कुणीतरी त्याच्याजवळ बसायला हवं. मुलाला रागवू नका आणि त्याच्यादेखत शिक्षकांनाही बोलू नका.

शिष्यवृत्तीत आलेल्या मुलांचं कौतुक जरूर करा, पण त्यावरून अख्ख्या वर्गाची पातळी ठरवू नका. असर किंवा परख हे मुलांच्या शिकण्याच्या नमुना सर्वेक्षणांचे आकडे आहेत, त्यातून जिल्ह्याचा अंदाज येतो. तुमच्या शाळेचा निकाल त्यात मिळणार नाही.

बैठकीला जाताना दोनच मागण्या लिहून न्या, उदाहरणार्थ तिसरीतल्या वाचन न येणाऱ्या मुलांसाठी रोजचा ठरावीक वेळ आणि रिकाम्या पदासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र. ज्या आयांना मजुरी बुडवून येणं जमत नाही, त्यांना जमेल अशी वेळ आधी मागून घ्या. ठराव इतिवृत्तात जबाबदार माणसाच्या नावासह आणि तारखेसह लिहिला गेल्याचं स्वतः वाचा, मगच सही करा.