प्रीअॅम्पचा रेग्युलेटेड सप्लाय: भुणभुण नेमकी कुठून येते

पॉवर अॅम्पच्या आउटपुट स्टेजला रेग्युलेटर (व्होल्टेज पक्कं धरून ठेवणारा भाग) लावायच्या भानगडीत पडू नका. तिथे दणकट ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर पुरतात. रेग्युलेटर हवा तो प्रीअॅम्पला, म्हणजे पॉवर अॅम्पच्या आधी बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागाला. त्यासाठीचा हा ±१५ व्होल्ट, १०० मिलिअॅम्पियरचा सप्लाय.

ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ चाच घ्या, म्हणजे मधल्या वायरीच्या (सेंटर टॅप) दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट देणारा. दुकानदार १५-०-१५ गळ्यात मारतो आणि दुपारी तो चालतोही. संध्याकाळी मेन्स, म्हणजे घरची वीज, १९० व्होल्टवर आले की कपॅसिटरवर जेमतेम सोळा-साडेसोळा व्होल्ट उरतात. एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीला १५ द्यायचे तर आत निदान १७ लागतात. मग रिपल, म्हणजे कपॅसिटरवरच्या व्होल्टेजची उरलेली चढउतार, सरळ पलीकडे.

ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), दोन्ही बाजूंना २२०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर, पुढे +१५ साठी ३१७ आणि -१५ साठी ३३७. रेग्युलेटरच्या आउट ते अॅडजस्ट पिनमध्ये १२० ओम, अॅडजस्ट ते ग्राउंड (शून्य व्होल्टची सामाईक वायर) १.२ किलोओम आणि १२० ओम सिरीजमध्ये, म्हणजे १३२० ओम. १३२० भागिले १२० म्हणजे ११, अधिक १ म्हणजे १२; रेग्युलेटरचे १.२५ व्होल्ट गुणिले १२, झाले १५. अॅडजस्टला १० मायक्रोफॅरड, सोबत संरक्षणाचा डायोड. आउटपुटलाही १० मायक्रोफॅरड. ३३७ त्याशिवाय थाऱ्यावर राहत नाही. ३१७ ची मधली पिन आणि पाठीचा पत्रा आउटपुटला जोडलेला, ३३७ चा इनपुटला. एकाच हीटसिंकवर मध्ये मायका (वीज अडवणारा पातळ तुकडा) न घालता कसलेत तर शॉर्ट ठरलेला.

आता ग्राउंड. इथे माझे दोन महिने गेले. स्पीकरमधून करकरीत भुणभुण यायची. ज्याला विचारावं तो म्हणे, कपॅसिटर वाढव. २२०० चे १०,००० केले, तर भुणभुण वाढलीच!

कारण साधं आहे. डायोड सगळा वेळ चालू नसतात. सेकंदाला १०० वेळा, क्षणभर, सरासरीच्या कितीतरी पट करंटचा झटका कपॅसिटरमध्ये ढकलतात. कपॅसिटर जितका मोठा, तितका झटका अरुंद आणि उंच. माझी सेंटर टॅपची वायर आधी प्रीअॅम्पच्या ग्राउंडला आणि तिथून कपॅसिटरला जात होती. म्हणजे प्रत्येक झटका सिग्नलच्या ग्राउंडमधून. चार इंच वायरवर पडणारे मिलिव्होल्ट प्रीअॅम्पने इमानदारीने मोठे केले.

म्हणून सेंटर टॅप थेट दोन्ही कपॅसिटरच्या जोडावर आणा. तो जोड आखूड ठेवा आणि त्यावरून दुसरं काहीही घेऊ नका. तिथून एकच वायर पुढे, रेग्युलेटरच्या आउटपुटच्या ग्राउंडला. प्रीअॅम्पचं ग्राउंड तिथूनच. १३२० ओमचं खालचं टोकही तिथेच. आउट ते अॅडजस्टमधला १२० ओम मात्र रेग्युलेटरच्या पायालाच सोल्डर करा.

आवाज घालवायला तीन पिनच्या प्लगची अर्थिंग काढा असं सांगणाऱ्याला घरात घेऊ नका. धातूच्या पेटीला अर्थिंग हवंच. फ्यूजही.

शेवटी इनपुट शॉर्ट करून स्पीकरला कान लावा. मऊ ‘हूं’ आला तर तो ५० हर्ट्झचा, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून आलेला. ट्रान्सफॉर्मर फिरवून किंवा लांब सरकवून बघा. करकरीत आला तर १०० हर्ट्झचा, डायोडच्या झटक्यांचा. पुन्हा सेंटर टॅपची वायर तपासा.