डिक्शनरीने अक्षरं मोजताना या चुका टाळा

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली की थोड्याच दिवसांत हा प्रश्न समोर येतो: दिलेल्या शब्दात कोणतं अक्षर किती वेळा आलंय ते डिक्शनरी (प्रत्येक 'की'समोर तिची व्हॅल्यू ठेवणारी नोंदवही) वापरून मोजा. प्रोग्राम जेमतेम चार ओळींचा, पण लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग) आणि डिक्शनरीची पहिली खरी गाठ इथे पडते आणि गाडी इथेच अडते. मी शिकवताना 'महाराष्ट्र' हा एकच शब्द घेतो. तुम्हीही तो घ्या आणि आधी कागदावर हाताने मोजून ठेवा.

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं. म्हणून डिक्शनरीला 'मोजणी' म्हणू आणि लूपमध्ये हाती येणाऱ्या एकेका चिन्हाला 'अक्षर'. मुख्य ओळ अशी:

मोजणी[अक्षर] += 1

आकडा मात्र इंग्रजी 1 च हवा. तिथे देवनागरी १ टाकलात तर सिंटॅक्स एरर येतो.

डिक्शनरी रिकामी असताना ही ओळ चालवली की पहिल्याच 'म'वर की-एरर. आपण सांगतोय, आधीच्या आकड्यात एक मिळव, आणि आधीचा आकडाच नाही. पुष्कळ जण घाबरून इथे ट्राय-एक्सेप्ट (एरर गिळून पुढे जाणारा कोड) लावतात. एरर दिसेनासा होतो आणि त्याच्यासोबत मोजणीही जाते. असं करू नका. डिक्शनरीचा गेट (get) वापरा: अक्षर आणि 0 या दोन गोष्टी त्याला दिल्या की नोंद नसेल तेव्हा तो 0 देतो. त्यात 1 मिळवायचा आणि उत्तर पुन्हा मोजणी[अक्षर] मध्ये ठेवायचं. हे ठेवायचं राहून गेलं तर डिक्शनरी शेवटपर्यंत रिकामीच, कारण गेट फक्त वाचतो, लिहीत नाही.

की-एरर निदान ओरडून सांगतो. मला जास्त काळजी वाटते ती गुपचूप चुकणाऱ्या प्रोग्रामची. पण आउटपुट नीट पाहिलं तर चूक कुठे आहे ते तेच सांगतं. फक्त 'म' समोर 1 आला? उत्तर परत देणारा रिटर्न लूपच्या आत गेलाय, एक टॅब मागे घ्या. फक्त 'र' समोर 1 आला? मग रिकामी डिक्शनरी लूपच्या आत तयार होतेय. प्रत्येक फेरीला पाटी पुसली जाते आणि शेवटचं अक्षर तेवढं उरतं. सगळ्यांसमोर 1 असेल तर आधीच्या आकड्यात मिळवण्याऐवजी नुसतं = 1 लिहिलं गेलंय.

शाळेत गणिताचा ताळा पाहायचो, तसा इथेही पाहा. डिक्शनरीतल्या सगळ्या व्हॅल्यूंची बेरीज शब्दाच्या लेनइतकी (len, म्हणजे लांबी) यायलाच हवी. 'महाराष्ट्र'चा लेन १० येतो. सगळीकडे 1 पडले असतील तर बेरीज ७ भरते आणि चूक लगेच पकडली जाते.

पण कागदावर तर चारच अक्षरं होती: म, हा, रा, ष्ट्र. मग १० कुठून आले? इथे प्रोग्राम चुकलेला नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक वापरतो त्या चिन्हांच्या यादीत, काना, वेलांटी, हलन्त यांना स्वतंत्र जागा आहे आणि पायथन तेच मोजतो: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. म्हणून डिक्शनरीत काना २, हलन्त २ आणि र २ दिसतात.

आता 'फक्त अक्षरंच मोजू' म्हणून कोणी इझअल्फाची (isalpha, चिन्ह अक्षर आहे का ते तपासणारी) चाळणी लावतं. इंग्रजीच्या धड्यांत ती सर्रास असते, मराठीत मात्र घात करते. मात्रा आणि हलन्त तिच्या लेखी अक्षरं नाहीत, त्यामुळे ती सगळी गळून ६ उरतात: म, ह, र, ष, ट, र. हा आकडा ना पायथनचा, ना आपला.

मराठी वाचकाची चार अक्षरं हवी असतील तर मोजण्याआधी शब्द जुळवून घ्या. मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त आला की तो आधीच्या तुकड्याला जोडायचा, आणि तुकडा हलन्तावर संपला असेल तर पुढचं व्यंजनही त्यालाच जोडायचं. मात्रा ओळखायला युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं कॅटेगरी फंक्शन आहे, त्याचं उत्तर इंग्रजी 'एम'ने सुरू होतं. तयार झालेल्या तुकड्यांच्या यादीवर मग वरचाच लूप चालवा. डिक्शनरीचा कोड तसूभरही बदलत नाही.

एवढं करूनही मोठ्या मजकुरात 'ऱ' दोनदा, दोन वेगळ्या नोंदींत दिसला तर गोंधळू नका. तो एकसंध चिन्ह म्हणूनही टाइप होतो आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असाही. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण डिक्शनरीसाठी त्या दोन निराळ्या की असतात. मोजण्याआधी मजकूर युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझमधून 'एनएफसी' (NFC, सुटी चिन्हं जोडून एकसंध करणारं) रूपात काढून घेतला की दोन्हींचा एकच 'ऱ' होतो.