क्लायमेट फंडाचे आकडे वाचताना (आणि त्यापायी खिशात हात घालताना) या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास दिंडोरीकडचे एक नाना ऑफिसला आले. हातात प्लास्टिकची फाईल, त्यात सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स, पासबुकचं पहिलं पान आणि सगळ्यात वर एक कलर प्रिंट, हिरवं गोल चिन्ह आणि खाली बारीक इंग्रजी. म्हणाले, "भाऊ, हे युनोचं अनुदान आहे, गारपीटवाल्यांना एकरी दीड लाख, फक्त तुमचा सही-शिक्का लागतो." एजंटाला 'रजिस्ट्रेशन'चे साडेचार हजार आधीच देऊन झाले होते, तेही गुगल पेवर.

मी शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशोब लिहितो, शरणपूर रोडला छोटं ऑफिस आहे. गेल्या दोनतीन वर्षांत हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय. कंपनीचे डायरेक्टर विचारतात "बाहेरचा क्लायमेटचा पैसा आपल्याला कसा मिळेल", एमपीएससीची पोरं विचारतात "सर १०० अब्ज मिळाले की नाही मिळाले, एकच काय ते सांगा". (हे १०० अब्ज म्हणजे श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना हवामानासाठी दरवर्षी द्यायचे कबूल केलेले डॉलर.) दोघांचा गोंधळ एकच आहे, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

अर्ज भरून पैसे मिळतील असं समजणं

नानांची चूक ही होती, आणि ती सगळ्यात महाग पडते. ग्रीन क्लायमेट फंड, म्हणजे हवामान बदलाच्या कामांसाठी विकसनशील देशांना पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी, खरा आहे, २०१० ला मेक्सिकोत कानकूनच्या हवामान परिषदेत ठरला, ऑफिस दक्षिण कोरियात सोंगडोला आहे. पण तो माणसाच्या खात्यात पैसे टाकत नाही. तिथे अर्ज करायला आधी मान्यता मिळालेली संस्था लागते, आपल्याकडे नाबार्ड, सिडबी अशा, आणि वरून केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं ना-हरकत. म्हणजे प्रकल्प बनतो, मग तो बोर्डासमोर जातो, मग पैसे टप्प्याटप्प्याने येतात, यात वर्षं जातात. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं एक उदाहरण सांगतो, आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनारपट्टीसाठी ४.३४ कोटी डॉलर मंजूर झाले, काम यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेमार्फत. ते खाडीकाठच्या गावांसाठी आहेत हो, दिंडोरीच्या द्राक्षाला त्यातला रुपया लागू नाही.

तेव्हा कुणी फॉर्म घेऊन आला की एकच विचारा, तुमची मान्यताप्राप्त संस्था कोणती आणि प्रकल्पाचं नाव काय. अडखळला की फाईल बंद. फी मागितली तर विचारायचीही गरज नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, दुसऱ्या दिवशी नाही.

शून्यं मोजण्यात घसरणं

हे पटकन सांगतो. एक बिलियन म्हणजे एक अब्ज, म्हणजे १०० कोटी. १०० बिलियन म्हणजे १०,००० कोटी डॉलर. आणि ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. डॉलरचे रुपये करायचे राहून जातात ती वेगळीच गंमत. मी एका प्रेझेंटेशनमध्ये १०० अब्ज डॉलरच्या जागी १०० कोटी रुपये पाहिलेत, आणि समोर बसलेले सगळे माना डोलावत होते.

जाहीर झालं म्हणजे मिळालं असं धरणं

आपल्याकडे लग्नात माईकवर आहेर पुकारतात, अमुक अमुक यांच्याकडून पाच हजार एक. मग कुणीतरी वहीत लिहितं. मग पाकीट हातात पडतं. या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि ज्याने कधी लग्नघरात वही सांभाळली आहे त्याला माहिती आहे की तिन्हीची बेरीज एक येत नाही. सरकारांचंही तसंच, आधी घोषणा, मग मंजुरी, मग प्रत्यक्ष वाटप. बातमी बहुतेक वेळा पहिलीचीच असते.

अमेरिकेचं खातं बघा, एका पानावर मावतं. ओबामांच्या काळात, २०१४ ला, ग्रीन क्लायमेट फंडाला ३ अब्ज डॉलर बोलले. २०१७ च्या जानेवारीत ते पायउतार होईपर्यंत १ अब्ज दिले. मग ट्रम्प आले, पुढचं बंद. २०२३ ला बायडेन सरकारने आणखी १ अब्ज भरले. म्हणजे बाकी १. त्याच वर्षाअखेर दुबईच्या हवामान परिषदेत नवे ३ अब्ज बोलून आले, बाकी झाली ४. २०२५ च्या सुरुवातीला ट्रम्प परत आले आणि ते ४ च्या ४ खोडून टाकले. आता जो कुणी "अमेरिकेने ६ अब्ज दिले" म्हणतो त्याने माईकवरचं ऐकलंय, वही बघितलेली नाही.

यामागचं कारण समजलं की राग थोडा कमी होतो. हा पैसा कुठल्या जागतिक तिजोरीतून येत नाही, तिथल्या करदात्याच्या खिशातून येतो, दरवर्षी तिथल्या संसदेत बजेटमध्ये मंजूर व्हावा लागतो, सरकार बदललं की यादीतून उडतो. ब्रिटनने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ ला ०.५ वर आणली आणि २०२७ पर्यंत ०.३ करायचं ठरवलंय. पण हवामानासाठीचा पाच वर्षांचा ११.६ अब्ज पौंडांचा शब्द मात्र कायम ठेवला. मग गणित कसं बसवलं? मोजायची पद्धत बदलली. दुष्काळ-पूर वगैरे संकटातल्या मदतीचा काही भाग, आणि अजून काही जुन्याच गोष्टी, हवामानाच्या मदतीत धरायला सुरुवात केली. त्यांच्याच मदत-तपासणी आयोगाने २०२४ ला हिशोब काढला तर १.७ अब्ज पौंडांच्या वर रक्कम निव्वळ या बदलामुळे वाढलेली दिसली. आमच्या धंद्यात याला बिल तेच, लेजर बदललं म्हणतात, आणि ऑडिटर असला तर तो पेन्सिलने गोल करतो.

'मदत' ऐकलं की अनुदान समजणं

इथे जरा थांबा, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात आणि चांगले शिकलेले चुकतात.

पोकरा सगळ्यांना माहिती आहे, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. शेडनेट, शेततळं, ठिबक, शेतकऱ्याने आधी खर्च करायचा, मग अनुदान थेट खात्यात. गावात विचारा, "वर्ल्ड बँकेने दिलं" असंच सांगतात. दिलं, पण कसं? २०१८ ला वर्ल्ड बँकेने ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, खर्चाचा साधारण ७० टक्के भाग कर्जातून आणि ३० टक्के राज्याचा. शेतकऱ्याच्या पातळीवर ते अनुदान आहे, सरकारच्या पातळीवर ते व्याजासकट फेडायचं कर्ज आहे. एकाच पैशाची दोन नावं, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर.

आता तिसरं नाव ऐका. वर्ल्ड बँकेसारख्या बँकांमध्ये श्रीमंत देशांचे शेअर आहेत, म्हणून या बँका विकसनशील देशांना हवामानासाठी जी कर्जं देतात त्यातला शेअरच्या प्रमाणात भाग श्रीमंत देशांच्या 'क्लायमेट फायनान्स'मध्ये धरला जातो. बँक बाजारातून पैसा उभा करते, आपण तो फेडतो, आणि आकडा त्यांच्या दातृत्वाच्या पानावर दिसतो. नियमात बसतं, लबाडी म्हणणार नाही मी, पण वाचणाऱ्याला हे माहिती पाहिजे.

सटाणा-ताहाराबादवरून साक्रीकडे गेलात तर शिवाजीनगरला सोलरचा प्रकल्प आहे, १२५ मेगावॅटचा, महाजनको या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा. पॅनलच्या रांगा बघत बसावं असं माळरान आहे ते, उन्हाळ्यात मात्र गाडीतूनच बघा. त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचं कर्ज आहे. याबद्दल माझी काही तक्रार नाही, वीज विकली जाते, त्यातून हप्ता जातो, कर्ज घ्यायला ही जागा योग्यच आहे. कर्ज म्हटलं की लगेच 'लूट' ओरडणं ही उलट्या बाजूची चूक आहे, कमी व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज मिळणं हीसुद्धा मदतच. प्रश्न येतो तो बांधबंदिस्ती, दुष्काळाची तयारी, पुराची भिंत अशा कामांना, जिथे कमाई शून्य आहे. तिथे हप्ता कुठून भरणार? आणि नेमका तिथेच पैसा कमी येतो.

ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचे २०२२ चे आकडे घ्या. एकूण ११५.९ अब्ज डॉलर. त्यातला सरकारी पैसा ९१.६ अब्ज, म्हणजे थेट देशाकडून देशाला ४१ आणि बँका-फंडांमार्फत ५०.६. उरलेल्यात बहुतेक, २१.९ अब्ज, खासगी गुंतवणूक जी सरकारी पैशामुळे 'ओढली गेली' असं मानलंय. सरकारी पैशात कर्ज ६९ टक्के, अनुदान २८ टक्के. आणि नुसतं बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला, म्हणजे आपल्या गारपीट-दुष्काळवाल्या कामांना, एकूण ३२.४ अब्ज. कर्ज पूर्ण रकमेने मोजलंय, म्हणजे १०० रुपये उधार दिले तर वहीत १०० रुपये मदत. ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेने त्याच वर्षाचं खरं मदतमूल्य २८ ते ३५ अब्जच्या दरम्यान काढलं.

म्हणून एमपीएससीवाल्या पोरांना मी सांगतो, "१०० अब्ज मिळाले का" याचं एका शब्दात उत्तर लिहू नका. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत बोलले, २०२० पर्यंत द्यायचे होते, २०२० ला ८३.३ झाले, २०२१ ला ८९.६, आणि २०२२ ला देणाऱ्यांच्याच मोजपट्टीने पहिल्यांदा पार झाले. मोजपट्टी कुणाची हे लिहिलंत की उत्तर पूर्ण.

लेबल वाचून माल घेणं

मोजपट्टीवरून आठवलं, 'क्लायमेट फायनान्स' म्हणजे काय याची सगळ्या देशांनी मान्य केलेली एक व्याख्या आजही नाही. देणारा देश प्रत्येक प्रकल्पाला खूण करतो, हवामान हा मुख्य हेतू, की बाजूचा हेतू, की काहीच नाही. बाजूचा हेतू असेल तर रकमेचा किती भाग धरायचा? कुणी ४० टक्के धरतं, कुणी ५०, कुणी सरळ १००. म्हणजे तीच द्राक्षं, कुणी पेटीसकट वजन करतंय, कुणी पेटी काढून.

२०२३ ला रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ही खाती उपसली तेव्हा जपानच्या यादीत बांगलादेशातलं मातारबारीचं कोळशावरचं वीज केंद्र आणि इजिप्तमधला विमानतळ विस्तार निघाला, इटलीच्या यादीत आशियातली चॉकलेट-आइस्क्रीमची दुकानं. नियम मोडला का? नाही, कारण नियमच नव्हता.

आपल्या अर्थ मंत्रालयाने हे आधीच म्हटलं होतं. २०१५ ला पॅरिसच्या हवामान परिषदेआधी ओईसीडीने सांगितलं २०१४ मध्ये ६२ अब्ज डॉलर गेले, आपल्या मंत्रालयाने कागद काढला की खात्रीने मोजता येईल असा आकडा २.२ अब्ज आहे. ६२ आणि २.२, इतका फरक बेरजेच्या चुकीने पडत नाही, काय मोजायचं यावरच मतभेद असेल तर पडतो.

बाकूचे दोन आकडे एकच समजणं

२०२४ च्या नोव्हेंबरात अझरबैजानमध्ये बाकूच्या हवामान परिषदेत १०० अब्जांच्या पुढचं नवं उद्दिष्ट ठरलं आणि तेव्हापासून कुणी ३०० अब्ज लिहितं, कुणी १.३ ट्रिलियन. दोन्ही बरोबर, पण वेगवेगळे. २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलर, त्यात विकसित देशांनी पुढाकार घ्यायचा, पैसा सरकारी, खासगी, कुठूनही. आणि वर्षाला १.३ ट्रिलियन हे 'सगळ्यांनी मिळून' गाठायचं आवाहन, त्याची एका कुणावर जबाबदारी नाही. आपल्या बाजूने भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथेच उभं राहून हा मजकूर म्हणजे दृष्टिभ्रम आहे असं सुनावलं होतं, पण तोवर मंजुरीचा हातोडा पडला होता.

अजून दोन छोट्या गोष्टी. कार्बन क्रेडिटवाले बांधावर येतात, ती मदत नाही, तो व्यवहार आहे, तुम्ही काहीतरी विकताय, तेव्हा करार किती वर्षांचा आणि मधे सोडला तर काय हे वाचूनच अंगठा द्या. आणि 'लॉस अँड डॅमेज' फंड, म्हणजे हवामान बदलाने झालेल्या नुकसानीसाठीचा निधी, जो २०२२ ला इजिप्तमध्ये शर्म-अल-शेखच्या परिषदेत ठरला, त्यातून निफाडच्या गारपिटीचे पैसे थेट मिळतील या भ्रमात राहू नका. दुबईत त्यात सगळ्या जगाने मिळून ७० कोटी डॉलरच्या आसपास बोलले, सगळ्या जगासाठी. बागेचं नुकसान झालं तर पंचनामा, विमा कंपनीला मुदतीत कळवणं आणि तलाठ्याच्या मागे लागणं, रस्ता तोच आहे.

नानांचं राहिलं. १९३० ला तक्रार टाकली, साडेचार हजार अजून आलेले नाहीत. फाईलमधलं बाकी सगळं मात्र कामाला आलं, त्यांच्या ठिबकचा महाडीबीटीचा अर्ज त्याच दुपारी भरला, सातबारा तोच, आठ-अ तोच, पासबुकाचं पान तेच. कलर प्रिंट मी ठेवून घेतली, टेबलाच्या काचेखाली आहे, नवीन कुणी तसाच कागद घेऊन आलं की आधी तिच्यावर बोट ठेवतो.