युद्धकैदेतलं पत्र: आधी पाकीट वाचा

आजोबांच्या ट्रंकेत युद्धकैदेतलं पत्र सापडलं तर मजकुराआधी पाकीट बघा. या टपालाला शुल्क नसतं म्हणून तिकीट नसतं, आणि तिकीट नाही म्हणून अनेक घरांत पाकिटंच फेकली गेली! कैदी क्रमांक, छावणीचा क्रमांक, तपासणीचा शिक्का, सगळं तिथेच असतं. ‘क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट’ छापलेलं असेल तर कैद जर्मनांची, ‘प्रिजिओनिएरी दि गुएर्रा’ असेल तर इटालियनांची. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली आणि पुष्कळ कैदी जर्मनीत हलवले गेले. एकाच माणसाच्या पत्रांवर दोन्ही दिसलं तर गोंधळू नका. गोव्यातच कैदेत असलेल्या पोर्तुगीज सैनिकांची पत्रं निराळी. डिसेंबर १९६१ ते मे १९६२ असे सुमारे ३,३०० जण इथे होते.

‘मी बरा आहे’ एवढ्यावरून काही ठरवू नका. जपान्यांच्या ताब्यातल्यांना अशी वाक्यं छापलेलीच कार्डं मिळत. १९४९ च्या जिनिव्हा करारात महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं अशी तरतूद आहे, तेव्हा नंतरच्या युद्धांतली पत्रं तारखेने लावून खंड कुठे पडला ते पाहा.

कागद पेन्सिलीने लिहिलेला असेल तर बोट फिरवू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरला की पुसट अक्षरांचे दाब दिसतात. तपासनिसाने काळं केलेलं धुवायला जाल तर उरलेलंही जाईल. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा, पाकिटाची आतली बाजूसुद्धा.

गोव्यात खरा शत्रू पावसाळा. बुरशी आणि कसर दोन्ही ओलीवर पोसतात, म्हणून ट्रंक जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. आम्लमुक्त कागदाची घडी, वर पुठ्ठ्याची पेटी, आत सिलिका जेलच्या पुड्या. त्या जूनपासून दर पंधरवड्याला तपासा. प्लास्टिकच्या पिशवीत स्थिर विजेने पेन्सिलीची पूड ओढली जाते. सेलोटेप पिवळी पडून डिंक झिरपवते. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही. बुरशी दिसली तर झटकू नका. पत्र वेगळं ठेवून सावलीत, लांबच्या पंख्याखाली वाळवा.

शोध घेताना नावापेक्षा क्रमांक धरा. परदेशी कारकुनांनी नावं ऐकून लिहिली, त्यात आपल्याकडे कामतांचं पोर्तुगीज कागदांत ‘कामोतिं’ आणि शेणव्यांचं ‘सिनाय’ झालेलं. पहिल्या महायुद्धातली कैद्यांची कार्डं आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत; दुसऱ्या महायुद्धासाठी त्यांच्या जिनिव्हाच्या अभिलेखागाराला लिहावं लागतं. माणूस मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे. पत्रात पलटण आणि सैनिक क्रमांक दोन्ही कळवा.