इओसिनोफिलचा ऑक्सिडेटिव्ह बर्स्ट मोजताय? या चुका टाळा

चिथावलेली पेशी एकदम भरपूर क्रियाशील ऑक्सिजन रेणू बनवते, तो ऑक्सिडेटिव्ह बर्स्ट. दमा, अ‍ॅलर्जिक सर्दी आणि जंतांच्या संसर्गात वाढणाऱ्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीवर काम सुरू केलं की पहिल्या काही महिन्यांत एक तक्रार हमखास येते: "काल रीडिंग छान आलं, आज काहीच नाही." मग आपण केमिकलच्या बाटलीवरची तारीख तपासत बसतो. पण बहुतेक वेळा घोळ त्याआधीच झालेला असतो. उत्तेजक (पेशीला चिथावणारं रसायन) टाकण्यापूर्वी त्या पेशीने काय काय सोसलं, याचा कुणी विचारच केलेला नसतो.

यंत्रणा थोडक्यात सांगतो. एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम शांत पेशीत सुटं पडलेलं असतं. जीपी९१ आणि पी२२ हे भाग पेशीच्या पटलात, तर पी४७, पी६७ आणि पी४० पेशीद्रवात. सी५ए किंवा पीएएफ हे दाहाचा संदेश देणारे रेणू पेशीच्या रिसेप्टरवर बसले की जी-प्रोटीन, पीआय३-कायनेज, कॅल्शियम, प्रोटीन कायनेज सी अशी साखळी हलते. पी४७ वर फॉस्फेट चढतात, रॅक२ येऊन मिळतं आणि एन्झाइम जुळतं. मग ऑक्सिजनला एक इलेक्ट्रॉन मिळून सुपरऑक्साइड बनतं. न्यूट्रोफिल (दुसरी एक पांढरी पेशी) ते बरंचसं गिळलेल्या जंतूभोवतीच्या पिशवीत सोडतो. इओसिनोफिल मात्र मोठ्या प्रमाणात पेशीबाहेर फेकतो. दम्यात श्वासनलिकेच्या अस्तराला इजा होते, त्यात याचाही वाटा आहे.

पीएमए चाललं म्हणजे सिग्नलिंग ठीक आहे, असं समजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पीएमए हे प्रयोगात वापरायचं उत्तेजक थेट प्रोटीन कायनेज सीला जाऊन भिडतं. रिसेप्टर आणि जी-प्रोटीन हा सगळा रस्ता ते टाळतं. त्यामुळे एखाद्या औषधाने पीएमएचा प्रतिसाद कमी झाला नाही, म्हणून "या औषधाचा इओसिनोफिलवर परिणाम नाही" असं लिहिणं साफ चूक आहे. ते औषध कदाचित पीएमएने टाळलेल्या रस्त्यावरच काम करत असेल. पीएमए फक्त एवढंच सांगतं की ऑक्सिडेज जागेवर आहे आणि पेशी जिवंत आहेत. सिग्नलिंगचा प्रश्न असेल तर सी५ए, पीएएफ किंवा इओटॅक्सिन (इओसिनोफिलला बोलावणारं प्रोटीन) वापरा. आणि हे प्रतिसाद पहिल्या काही मिनिटांतच चढून उतरतात, तर पीएमएचा उशिरा सुरू होऊन बराच वेळ चालतो. अर्ध्या तासाने एकच रीडिंग घेतलंत तर हा फरक दिसणारच नाही.

पीएमए चालतंय पण रिसेप्टरचा प्रतिसाद शून्य, असं झालं तर आधी बफर बघा. पेशी वेगळ्या करताना वापरलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलं पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर) तसंच प्लेटमध्ये गेलेलं असतं, आणि रिसेप्टरच्या साखळीला तर कॅल्शियम लागतं. मी स्वतः यात दोन आठवडे घालवले आहेत.

कंट्रोल वेलच तापलेली असणं

कंट्रोल वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या ज्या खळग्यात उत्तेजक टाकलेलं नाही तिथे, रीडिंग वर असेल, तर पेशी आधीच 'प्राइम' झालेली आहे, म्हणजे अर्धवट चिथावलेली. कारणं बरीच असतात: बफरमधलं एन्डोटॉक्सिन (जिवाणूंच्या कवचातलं विष), लाल पेशी फोडताना जास्त वेळ गेलेलं पाणी, जोरात फिरवलेलं सेंट्रिफ्यूज, बर्फातून एकदम ३७ अंशांवर नेणं. अ‍ॅलर्जी असलेल्या डोनरच्या रक्तात आयएल-५ आणि जीएम-सीएसएफ या संदेशवाहक प्रोटीनांमुळे पेशी मुळातच सज्ज असू शकतात. त्यांची तुलना निरोगी डोनरशी करताना हे लिहून ठेवा.

प्लॅस्टिकही निरुपद्रवी नाही. पेशी वेलच्या तळाला मॅक-१ या इंटिग्रिनने (पेशीवरचं चिकटणारं प्रोटीन) चिकटते आणि ते चिकटणं हाच एक सिग्नल असतो. वेलला आधी ह्यूमन सीरम अल्ब्युमिनचा लेप द्या.

न्यूट्रोफिलचं श्रेय इओसिनोफिलला देणं

रक्तातल्या पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल जेमतेम १ ते ४ टक्के. मायक्रोलिटरमागे २०० धरले तर ५० मिली रक्तात एक कोटी, आणि हाती येतात त्याहून कमी. म्हणून न्यूट्रोफिलवरच्या सीडी१६ प्रोटीनला चिकटणाऱ्या चुंबकी बीड्सनी न्यूट्रोफिल बाजूला काढतात; इओसिनोफिलला हात न लावण्याची हीच बरी पद्धत. तरी थोडे न्यूट्रोफिल उरतातच, आणि एफएमएलपी या जिवाणूंच्या पेप्टाइडसारख्या उत्तेजकाला ते इओसिनोफिलपेक्षा फार जोरात उत्तर देतात. शुद्धता दरवेळी स्लाइड रंगवून मोजा. इओटॅक्सिनचा सीसीआर३ रिसेप्टर इओसिनोफिलवर भरपूर असतो, म्हणून त्याचा प्रतिसाद हा चांगला पडताळा ठरतो.

प्रोब काय मोजतो हे न पाहणं

पेशीबाहेरच्या सुपरऑक्साइडसाठी प्रोब, म्हणजे मोजणारं रसायन, सायटोक्रोम सी, ५५० नॅनोमीटरवर, आणि शेजारी एसओडी (सुपरऑक्साइड मोडणारं एन्झाइम) टाकलेली वेल. एसओडीने जेवढं कमी झालं तेवढंच सुपरऑक्साइड. ल्युमिनॉल या दुसऱ्या प्रोबचा प्रकाश पेरॉक्सिडेजवरही अवलंबून असतो, त्यामुळे अँटिबॉडीच्या बाटलीतल्या सोडियम अझाइडने (पेरॉक्सिडेज अडवणारं संरक्षक रसायन) तो मंदावतो आणि आपल्याला वाटतं ऑक्सिडेजच बंद पडलं. फ्लो सायटोमेट्रीत इओसिनोफिल स्वतःच हिरवट चमकतो, म्हणून प्रोब न टाकलेली नळी हवीच.

इनहिबिटरचंही (एन्झाइम अडवणारी रसायनं) तसंच. ऑक्सिडेज अडवायला वापरतात ते डीपीआय सगळ्याच फ्लेविन एन्झाइम्सना अडवतं, मायटोकॉन्ड्रियातल्यासकट. पीआय३-कायनेज अडवणारं वॉर्टमॅनिन पाण्यात टिकत नाही, ऐनवेळी पातळ करा, आणि मात्रा वाढवली की ते पीआय३-कायनेजपुरतं राहत नाही. ही रसायनं ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ स्वतः हायड्रॉक्सिल रॅडिकल टिपतं, तेव्हा तेवढंच डीएमएसओ टाकलेला कंट्रोल ठेवा.

शेवटी डोनरचं पान. रक्त किती वाजता घेतलं ते लिहा, कारण सकाळी कॉर्टिसोल वर असतं तेव्हा इओसिनोफिल कमी सापडतात. आणि स्टेरॉइडची गोळी चालू आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारा.