सीताफळाला फुलं भरपूर, पण सेटिंग (फळधारणा) नाही? या चुका टाळा

झाड फुलांनी लगडलंय, फळं मात्र मोजकीच आणि त्यातलीही बरीच एका बाजूने बसकी, असं दिसलं की लोक लगेच टॉनिक नाहीतर बोरॉन मारायला धावतात. आधी फुलात कोण येतंय ते बघा ना! सीताफळाचं परागीभवन मुख्यतः करतात ते दोन-चार मिलिमीटरचे तपकिरी-काळे भुंगेरे, कार्पोफिलस जातीतले. मधपेट्या ठेवून इथे फारसं काही होत नाही, त्या जेमतेम उघडलेल्या जाड पाकळ्यांच्या फटीत मधमाशी शिरतच नाही.

फूल आधी मादी असतं, तेव्हा पिकल्या फळासारखा वास येतो आणि भुंगेरा आत जाऊन बसतो. नंतर पाकळ्या फाकतात, पराग सुटतो, पण तोवर त्याच फुलाचं स्त्रीकेसर (पराग घेणारा मादी भाग) निकामी झालेलं असतं, म्हणजे परागाने माखलेला भुंगेरा दुसऱ्या नुकत्या उघडणाऱ्या फुलात गेला तरच फळ. आणि फळाचा प्रत्येक डोळा वेगळा भरतो, जिथे पराग पोचला नाही तिथे फळ दबलेलं राहतं, वेडंवाकडं फळ होतं ते बऱ्याचदा यामुळेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऐन फुलोऱ्यात पिठ्या ढेकणासाठी (रस शोषणारी पांढरी, पिठासारखी कीड) जहाल कीटकनाशक मारणं, त्यात भुंगेरेही जातात. ढेकणाचा बंदोबस्त फुलं यायच्या आधी करा, ढेकणाला सांभाळणाऱ्या मुंग्या वर चढू नयेत म्हणून खोडाला चिकट पट्टी लावा.

दुसरं, बाग चकाचक ठेवायच्या नादात पाचोळा आणि त्यात पडलेली फळं जाळू नका. हे भुंगेरे कुजणाऱ्या फळांत वाढतात. फुलोऱ्यात अतिपिकलेल्या फळांचा गर भांड्यात घालून झाडांखाली ठेवा, पण फळमाशीच्या अळ्या असलेली फळं त्यात नकोत, ती खोल पुरा.

उन्हाळी बहार धरला असेल, म्हणजे पाणी देऊन उन्हाळ्यातच फुलं आणली असतील, तर कोरड्या हवेत स्त्रीकेसर लवकर सुकतं, तिथे नुसते भुंगेरे असूनही भागत नाही, आच्छादन आणि ओलावा लागतोच. जूनच्या पावसानंतर त्याच झाडाला सेटिंग सुधारतं ते यासाठी.

खात्री करायचीय? सकाळी लवकर पूर्ण फाकलेल्या फुलांचा पराग डबीत घ्या, बारीक ब्रशने अर्धवट उघडलेल्या काही फुलांना लावा आणि त्यांना दोरा बांधा. दोरावाली फुलं धरली आणि बाकीची गळली तर खताचा खर्च थांबवा, कमी पडतोय तो परागच.